जनरेटर, पंधरा पिनांची केबल आणि एक लग्न

आमच्या घरात एक नियम आहे. टीव्हीला लॅपटॉप जोडायचा असेल तर आधी दोन्ही बंद करायचे, मग केबल लावायची, मग आधी टीव्ही आणि नंतर लॅपटॉप चालू करायचा. माझी मुलगी आता नववीत आहे आणि तिच्या मते हा नियम अश्मयुगातला आहे. "बाबा, एचडीएमआय चालू असतानाच लावायला बनवलेली असते." तिचं बरोबर आहे. तशीच बनवलेली असते. तरी नियम आहे. परवा सिकंदराबादच्या या क्वार्टरमध्ये तिनं तो मोडला, माझा आवाज चढला, आणि बायकोनं विचारलं, दोनशे रुपयांच्या केबलसाठी एवढं काय झालं? त्याचं उत्तर जेवणाच्या टेबलावर दोन वाक्यांत देता येण्यासारखं नव्हतं. म्हणून इथे लिहितोय.

मी तेव्हा मेजर होतो आणि गुरेझ खोऱ्यात एका कंपनीचा कमांडर होतो. नेमकी जागा आणि पलटण लिहीत नाही, ते का हे नेहमीच्या वाचकांना माहीत आहे. बांदीपोऱ्याहून निघालं की रस्ता साडेअकरा हजार फुटांच्या वर राझदान टॉपला जातो आणि पलीकडे किशनगंगेच्या खोऱ्यात उतरतो. दावर हे तिथलं मुख्य गाव, ओंडक्यांची घरं, मागे हब्बा खातूनचा पिरॅमिडसारखा डोंगर, आणि लोकांची भाषा काश्मिरी नाही, शिना. उन्हाळ्यात असं देखणं की सुट्टीवरून परत येताना वाईट वाटत नाही. हिवाळ्यात मात्र राझदान बंद झाला की खोरं बाकीच्या देशापासून काही महिने तुटतं. त्याआधी ऍडव्हान्स विंटर स्टॉकिंग नावाचा प्रकार असतो. डिझेलची बॅरल्स, बुखाऱ्यांसाठी रॉकेल, टिनचे डबे, सुकवलेला कांदा, औषधं, सगळं वर चढवून ठेवायचं. त्यानंतर जे आहे त्यावर भागवायचं. माणसांचंही तसंच असतं. बर्फ पडण्याआधी जो खाली गेला तो गेला, जो राहिला तो राहिला.

आमच्याकडे एक जुना डिझेल जनरेटर होता आणि त्याला सांभाळणारा एक हवालदार. पिथौरागढ जिल्ह्यातला, कुमाऊँनी, माझ्याहून पाच-सहा वर्षांनी मोठा, बोलायला कमी. जनरेटरचा कोर्स केलेला कंपनीत तो एकटाच. दुसरा एक जण होता, पण तो ऑगस्टमध्ये बदलून गेला होता आणि त्याच्या जागी यायचा माणूस अजून येतच होता.

हवालदाराच्या मुलीचं लग्न डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात होतं. त्याची रजा २० नोव्हेंबरपासून लिहिलेली होती, माझ्याच अक्षरात. १७ तारखेला जनरेटर बसला. इंजेक्टर गेला होता आणि हेड गॅस्केटही. सुटे भाग खालून कॉन्व्हॉयमध्ये यायचे होते. मी त्याला बोलावलं आणि म्हटलं, "आठ दिन रुक जाओ. सेट खड़ा करके जाना." आकाश निळंभोर होतं, राझदान उघडा होता, लग्नाला तीन आठवडे होते. हिशेब कागदावर चोख होता. तो म्हणाला, "ठीक है साब."

सहाव्या दिवशी सेट सुरू झाला. सातव्या दिवशी दुपारी बर्फ सुरू झालं ते चौथ्या दिवशी थांबलं. रस्ता गेला. पायी राझदान ओलांडायला हिमस्खलनाच्या भीतीनं परवानगी नव्हती, आणि ती नव्हती हे योग्यच होतं. हेलिकॉप्टरच्या यादीत मी त्याचं नाव वर लावून घेतलं. तीनदा तो पिट्टू भरून हेलिपॅडपर्यंत गेला. एकदा सॉर्टी आलीच नाही, एकदा आली ती न्यूमोनियाचा एक जवान आणि गावातली एक बाळंतीण घेऊन गेली, तिसऱ्यांदा ढग. लग्नाच्या दिवशी तो पोस्टवर होता आणि त्यानं त्या दिवशी जनरेटरचं तेल बदललं. कन्यादान त्याच्या धाकट्या भावानं केलं. रात्री सॅटेलाइट फोनवर त्याला पाच मिनिटं मिळाली. त्यातली किती बोलण्यात गेली आणि किती आवाज पोहोचायची वाट बघण्यात, मला माहीत नाही. मी त्या खोलीत थांबलो नाही.

फेब्रुवारीत दोन दिवस आकाश उघडलं आणि हेलिकॉप्टरनं डाक आणली. ५६ एपीओच्या पत्त्यावर आलेला एक जाड लिफाफा त्याचा होता. आत एक पेन ड्राइव्ह, आणि वेगळ्या डब्यात बाल मिठाई, पांढऱ्या साखरेच्या दाण्यांनी मढलेली. पेन ड्राइव्हमध्ये लग्नाची फिल्म. दोन तास चाळीस मिनिटांची.

तो मला लॅपटॉपवर दहा मिनिटं बघू देता का, एवढंच विचारायला आला होता. मला मात्र भरतं आलं. म्हटलं, लॅपटॉपवर कशाला, आज रात्री रिक्रिएशन रूममध्ये मोठ्या टीव्हीवर लावू, सगळी कंपनी बघेल, कुकहाऊसमध्ये शिरा सांगू. आज विचार करतो तेव्हा वाटतं की त्याला ते तसं हवं होतं का, हे मी विचारलंच नव्हतं. माझ्या मनावरचं ओझं मला चारचौघांत उतरवायचं होतं. तो म्हणाला, "ठीक है साब." त्याचं तेच.

तर आता टीव्हीकडे वळू.

टीव्ही बत्तीस इंची, वेल्फेअर फंडातून घेतलेला. डिशची छत्री बर्फाखाली, त्यामुळे महिनाभर त्याच्यावर काही लागलं नव्हतं. त्याला यूएसबीची जागा होती, पण त्यातून तो फक्त फोटो दाखवायचा आणि गाणी वाजवायचा, फिल्म नाही. ऑफिसच्या कॉम्प्युटरला पेन ड्राइव्ह लावणं म्हणजे स्वतःहून कोर्ट ऑफ इन्क्वायरीला बसणं. उरला वेल्फेअरचा लॅपटॉप, विंडोज सात वाला, ज्याची बॅटरी वीस मिनिटांवर टिकायची नाही. त्याला एचडीएमआयही होती आणि जुनी व्हीजीएही.

आमच्याकडे सिग्नलचा एक मुलगा जोडलेला होता, केरळचा, चोवीसेक वर्षांचा. त्यानं दुपारीच येऊन सांगितलं, "साब, बुखारी अभी जला देते हैं. नहीं तो शाम को टीवी को पसीना आएगा." खोली दिवसभर शून्याच्या खाली असायची. संध्याकाळी एकदम बुखारी पेटवून साठ माणसं आत बसली की त्यांच्या श्वासाची वाफ गार टीव्हीच्या आत जाऊन सर्किटवर दव धरते. त्या अवस्थेत वीज दिली तर टीव्ही गेलाच. हे मी ऐकलं. त्याचं दुसरं ऐकलं नाही.

संध्याकाळी सगळे जमले. पुढच्या बाकावर हवालदार, अंघोळ करून, दाढी करून. उणे सोळात अंघोळ म्हणजे काय ते ज्यानं केली आहे त्यालाच कळेल. मी केबलचं एक टोक टीव्हीत खोचलं, टीव्ही चालू, लॅपटॉप चालू, आणि दुसरं टोक हातात घेऊन बुखारीपासून गालिच्यावरून चालत आलो. सिग्नलवाला म्हणाला, "साब, पहले बंद करके लगाएँगे?" मी म्हटलं, "अरे, ये चालू में ही लगता है." खडकवासल्याहून मी कॉम्प्युटर सायन्सची पदवी घेऊन बाहेर पडलोय, जेएनयूच्या शिक्क्याची. त्या पदवीचा माज कुठे ना कुठे बाहेर पडणारच.

लॅपटॉपला केबल टेकली आणि चट्ट झालं. निळसर बारीक ठिणगी. त्या उंचीवर हिवाळ्यात हवा इतकी कोरडी असते की नायलॉनच्या गालिच्यावरून लोकरी मोज्यांत चार पावलं टाकली की अंगात स्थिर वीज साठते. हस्तांदोलन केलं तरी चटका बसतो, आणि त्यावर आम्ही हसायचो. त्या दिवशीही दोघे-तिघे हसले.

टीव्हीवर आलं: नो सिग्नल.

मी पुस्तकी क्रमानं गेलो. टीव्हीचा सोर्स एचडीएमआय एकवर आहे की दोनवर? एकवर. केबल दुसऱ्या भोकात लावून बघितली. विंडोज आणि पी दाबून डुप्लिकेट निवडलं. काही नाही. लॅपटॉपला दुसरा पडदा आहे याचीच खबर नव्हती. केबल खराब असेल म्हणून ती डिशच्या बॉक्सला लावली, तर टीव्हीवर बॉक्सचा निळा पडदा लगेच आला. म्हणजे टीव्ही ठीक, केबल ठीक. उरला कोण?

एचडीएमआय २००२ साली आली. तिच्यात एकोणीस पिना असतात. लोकांना वाटतं की केबल म्हणजे नळी, एका टोकाला चित्र ओतलं की दुसऱ्या टोकाला पडतं. तसं नसतं. चित्र जाण्याआधी दोघांचं बोलणं होतं. लॅपटॉप एका पिनेवरून पाच व्होल्ट पाठवतो, टीव्ही दुसऱ्या पिनेवरून "मी आहे" म्हणतो, मग आणखी दोन पिनांवरून टीव्ही आपली ओळख सांगतो, मी अमुक आकाराचा, मला अमुक इतक्या रेघा दाखवता येतात. आपल्या संतरीसारखंच. "थम! कौन आता है?" विचारल्यावर उत्तर आलं नाही तर पुढे कोणी येत नाही. माझ्या ठिणगीनं लॅपटॉपच्या बाजूचा संतरीच मारला होता. पोर्ट गेलं होतं, कायमचं.

हे मला कळलं तेव्हा मी लॅपटॉपकडे बघत होतो. मागून आवाज आला, "रहने दो साब. मैं बाद में लैपटॉप पर देख लूँगा."

रागावलेल्या माणसाला तोंड देता येतं. या आवाजात राग नव्हता. नोव्हेंबरातलं "ठीक है साब" होतं तसाच आवाज.

मी म्हटलं, नाही. व्हीजीएची केबल शोधा.

व्हीजीए १९८७ ची. पंधरा पिना, तीन ओळी, दोन्ही बाजूंना पिळायचे स्क्रू. ट्रेनिंग स्टोअरमध्ये प्रोजेक्टरच्या पेटीत एक निघाली, पण तिच्यावर कधीतरी कोणाचा तरी बूट पडला असणार. एका कोपऱ्यातल्या दोन पिना वाकलेल्या, वरच्या ओळीतली पहिली आणि खालच्या ओळीतली बारावी. सिग्नलवाल्यानं बॉलपेनची संपलेली रिफील मागितली. रिफीलची पोकळ नळी पिनेवर बसवायची आणि हलक्या हातानं पीन सरळ करायची, पकडीनं नाही. ही युक्ती त्यानं कुठे शिकली विचारलं तर म्हणाला, घरी, टीव्ही दुरुस्तीचं दुकान आहे काकाचं. पहिली पीन सरळ झाली. बारावी सरळ होता होता तुटली.

बारावी पीन म्हणजे टीव्हीची ओळख सांगणारी तार. केबल लावली (यावेळी सगळं बंद करून आणि आधी दोघांनी बुखारीच्या पाइपला हात लावून), चालू केलं, तर टीव्हीवर नवीन अक्षरं: मोड नॉट सपोर्टेड. सगळ्यांचा चेहरा पडला. मला मात्र बरं वाटलं. नो सिग्नल म्हणजे काहीच पोहोचत नाही. मोड नॉट सपोर्टेड म्हणजे पोहोचतंय, पण टीव्हीला न झेपणारं. ओळख न मिळाल्यामुळे लॅपटॉप अंदाजानं काहीतरी पाठवत होता. हातानं १०२४ बाय ७६८ आणि साठ हर्ट्झ ठेवलं आणि चित्र आलं. टाळ्या पडल्या.

चित्र आलं खरं, पण त्यातून काळपट पट्टे खालून वर सरकत होते, किशनगंगेच्या लाटांसारखे. जनरेटरचा आवाज कमी-जास्त झाला की पट्ट्यांचा वेग बदलायचा. मी लॅपटॉपचा चार्जर काढला, पट्टे जवळजवळ गेले. लावला, परत आले. पण चार्जरशिवाय वीस मिनिटं आणि फिल्म दोन तास चाळीस. सिग्नलवाल्यानं डिशची तार बॉक्समधून उपटली, थोडा फरक पडला, पुरेसा नाही. आम्ही दोघं वाकून रंग, कॉन्ट्रास्ट, काय काय फिरवत बसलो.

तेवढ्यात हवालदार बाकावरून उठून आला. काही न बोलता त्यानं केबलच्या स्क्रूला बोटांची पाठ लावली. मग खिशातला टेस्टर काढून टेकवला. टेस्टरचा दिवा लागला. तो म्हणाला, "अर्थ गई है साब. जनरेटर की."

त्याचं म्हणणं असं होतं, आणि ते शंभर टक्के खरं होतं. चार्जरमधून थोडी वीज नेहमीच गळत असते आणि ती अर्थिंगच्या तारेतून जमिनीत जाते. ती वाट बंद झाली की ती लॅपटॉपच्या अंगावर बसते आणि मिळेल त्या वाटेनं निघते. आमच्याकडे मिळेल ती वाट म्हणजे व्हीजीए केबलचं कवच, टीव्ही, डिशची तार आणि छपरावरचा खांब. व्हीजीएमध्ये चित्र विजेच्या चढउतारानंच जातं, त्यात ही गळती मिसळली की पट्टे.

तो सेट बंद करायला गेला. मी त्याच्याबरोबर निघालो. सुभेदार साहेब राजस्थानचे, सगळ्या कंपनीला अंधारात बसवून चहा वाटायची जबाबदारी त्यांनी घेतली.

जनरेटर शेडच्या मागे अर्थिंगचा खड्डा होता. जमिनीत पाइप, भोवती कोळसा आणि मीठ, आणि जनरेटरपासून तिथपर्यंत आलेली जाड तार. खुणेसाठी रोवलेल्या काठीचं फक्त लाल टोक बर्फाबाहेर होतं. आम्ही आळीपाळीनं फावडं चालवलं. कमरेएवढं खणल्यावर कळलं, छपरावरून बर्फाची लादी घसरली होती आणि तिनं तार क्लॅम्पमधून उपटून काढली होती. तशीही गोठलेली जमीन वीज नीट घेत नाही. त्यानं हातमोजे काढले. उघड्या धातूला कातडी चिकटते त्या थंडीत, म्हणून बोटांना कापडाच्या पट्ट्या गुंडाळल्या आणि पान्यानं नट सोडवू लागला. मी टॉर्च धरली होती.

मी म्हटलं, "नवंबर में मैंने जो आपको रोका था..."

"साब, टॉर्च थोड़ा नीचे."

मी टॉर्च खाली केली. तार बसवून नट आवळेपर्यंत तो बोलला नाही. मग पान्यावर हात ठेवून म्हणाला, "लड़की ने फ़ोन पर तारीख पूछी थी. मैंने बोला था, पाँच तक पहुँच जाऊँगा. उसने कैलेंडर पे गोला लगा दिया था." आणि थोड्या वेळानं, "गोला नहीं लगाना चाहिए था."

यावर मला काही सुचलं नाही आणि आजही सुचत नाही. कुकहाऊसमधून मिठाचं कोमट पाणी आणलं होतं, ते मी पाइपभोवती ओतलं. वाफ निघाली. त्यानं शेडमध्ये जाऊन सेट सुरू केला.

पट्टे गेले. अगदी निरखून बघितलं तर एक फिकट रेघ, बस.

व्हीजीएमधून आवाज जात नाही, फक्त चित्र. लॅपटॉपचा आवाज तिसऱ्या बाकापर्यंतही पोहोचेना. मग मंदिरातला ऍम्प्लिफायर आणि डबा स्पीकर आणला, रोजच्या आरतीचा. हेडफोनच्या भोकातून तार त्याला जोडली. पहिला आवाज आला तो मशकबीनचा. कुमाऊँच्या लग्नात ढोल-दमाऊबरोबर मशकबीन, म्हणजे आपली बॅगपाइप, वाजते, आणि पुढे ढाल-तलवारी घेऊन छोलिया नाचतात. पलटणीत पाइप बँड ऐकून वाढलेली पोरं एकदम ताठ झाली. नवरदेव दिसला तो चांगलाच रुंद. सुभेदार साहेब म्हणाले, "जँवाई खाते-पीते घर का है." चौकोनी चित्र रुंद टीव्हीवर ताणलं गेलं होतं. रिमोटवरून चार बाय तीन केलं आणि जावईबापू एका क्षणात सडपातळ झाले. हशा पिकला. हवालदारही हसला.

मग मुलगी आली, आयांच्या, आत्यांच्या घोळक्यात. आणि तो म्हणाला, "साब, पिछौड़ा हरा नहीं होता."

कुमाऊँनी बायका मंगलकार्यात पिछौडा घेतात, पिवळी ओढणी, तिच्यावर लाल ठिपके. टीव्हीवर ती हिरवी दिसत होती आणि ठिपके काळे. मला उजाडलं. व्हीजीएत लाल, हिरवा आणि निळा हे तीन रंग पहिल्या तीन पिनांवरून वेगवेगळे जातात. पिवळा म्हणजे लाल अधिक हिरवा. लाल गळला की हिरवा उरतो. पहिली पीन आम्ही सरळ केली होती, पण ती नीट टेकत नव्हती. मगाशी पट्ट्यांच्या नादात कोणाच्या लक्षात आलं नव्हतं की पांढराही पांढरा दिसत नाहीये.

मी टीव्हीच्या मागे गेलो आणि प्लग अंगठ्यानं एका बाजूला दाबला.

"आ गया साब!" सगळे एकदम ओरडले.

सोडला की हिरवा. दाबला की पिवळा. सिग्नलवाल्यानं काडेपेटीची काडी पाचर म्हणून ठोकली, ती पाच मिनिटांत निसटली. पुठ्ठ्याची घडी लावली, तीही. तो म्हणाला, मी धरतो. मी म्हटलं, तू लॅपटॉप सांभाळ.

म्हणून मी ते लग्न पाहिलेलंच नाही. दोन तास मी टीव्हीच्या मागे, भिंत आणि स्टँडच्या मध्ये, अर्धा वाकून उभा होतो, एक अंगठा प्लगवर. दुखला की हात बदलायचा. बदलताना क्षणभर लाल जायचा आणि कोणीतरी "साब!" म्हणायचं. समोर साठ चेहरे, पडद्याच्या उजेडात. अकादमीत उस्तादांनी उभं राहण्याच्या शिक्षा अनेक दिल्या, त्यातली एकही इतकी लांबली नव्हती.

मागून आवाजावरून कळत होतं काय चाललंय ते. मंत्र, मग हसणं, कोणाची तरी चप्पल लपवली. हवालदारानं एकदाच फिल्म थांबवायला सांगितली, मागे घ्यायला लावली आणि तो भाग पुन्हा बघितला. मला वाटलं मुलगी असेल. नंतर कळलं, पंगतीचा भाग होता. हलवायानं गॅसचे सहा सिलिंडर सांगून सहाचे पैसे घेतले होते आणि मागे चारच दिसत होते. "चार ही हैं," तो शेजारच्याला म्हणाला. "मैं होता तो गिनता."

कन्यादानाच्या वेळी तो पुढे झुकून बसला होता, कोपर गुडघ्यांवर. भाऊ बसला होता त्याच्या जागी, हे मला माहीत होतं, आणि त्याच्या चेहऱ्यावरून ती घडी आली हेही कळलं. विदाई आली तेव्हा मशकबीन थांबली आणि बायकांचा आवाज सुरू झाला, मंदिराच्या स्पीकरमधून, जरा घोगरा. मी तेव्हा समोर बघितलं नाही. प्लगकडे बघत राहिलो. पिवळा जाऊ द्यायचा नव्हता.

पोस्टवर जनरेटर रात्री दहाला बंद व्हायचा. त्या रात्री बाराला वीस मिनिटं कमी असताना झाला. शिरा गार झाला होता, तो तसाच संपला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो नेहमीसारखा जनरेटरचं लॉगबुक घेऊन सहीला आला. किती वाजता सुरू, किती वाजता बंद, डिझेल किती लिटर, सगळं बरोबर लिहिलेलं. ज्यादा चाललेल्या वेळेपुढे कारणाचा रकाना असतो. त्यात त्याच्या ठाशीव अक्षरात होतं: अर्थ की मरम्मत व लोड टेस्ट.

"टेस्ट ठीक रहा?" मी विचारलं.

"ठीक रहा साब. लाल थोड़ा कम था."

मी सही केली. उजवा अंगठा सुजला होता, त्यामुळे ती जरा वाकडी आली.